फ्रेमबाहेर ठेवलेला आंबा

मंडळी, परदेशातल्या स्पर्धेत बक्षीस मिळालेला माझा कासूच्या खळ्यावरचा भातझोडणीचा फोटो सध्या इस्रायलमधल्या प्रदर्शनात लागलाय. आज सकाळी तिथून एका आजींचा फोन आला. कोकणातल्या ज्यू, लहानपणीच आमच्या पेणजवळचं कासू गाव सोडून तिकडे गेलेल्या.

"गो पोरी, खळं आमचंच हाय. पण कडेचा आंबा दिसत नाय. तोडला काय?"

मी ओशाळले. फ्रेम बिघडते म्हणून तो मीच कापला होता.

"हाय आजी, हाय!" म्हटलं आणि मूळ फोटो पाठवला.

तो बघून त्यांनी हळूच विचारलं, "मोहोर आला का गो?"

पेणहून कासू इतकं जवळ, तरी मला ठाऊक नव्हतं. तशीच स्कूटर काढली.

आता त्याच आंब्याखाली उभी आहे. मोहोर घमघमतोय. फोटो पाठवलाय. वास कसा पाठवू, सांगेल का कुणी?