पहिल्या गटाचे सहा उंदीर

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षी माझं सगळं भवितव्य अठरा पांढऱ्या उंदरांच्या पाठीवर होतं. हे अलंकारिक नाही. त्यांच्या पाठीवर जखमा होत्या आणि त्या किती वेगानं भरतात यावर माझी पदवी ठरणार होती.

मी तेरहून रोज एसटीनं धाराशिवला कॉलेजात यायची. माझा विषय होता दगडीपाल्याचं मलम. हा पाला आमच्याकडं बांधावर कुठंही उगवतो आणि हाताला खुरपं लागलं की लोक तो चुरगळून जखमेवर पिळतात. लोक लावतात म्हणून तो चालतो, असं काही प्रबंधात लिहिता येत नाही. उंदराला लागू पडला तर लिहिता येतं. म्हणून समितीची रीतसर परवानगी काढून, भूल देऊन, आम्ही अठराही उंदरांच्या पाठीवर सारख्या मापाची जखम केली. सहा-सहांचे तीन गट. पहिल्याला काहीच लावायचं नाही, दुसऱ्याला बाजारातलं मलम, तिसऱ्याला माझं. ओळखू यावेत म्हणून कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या शेपटीला पिवळ्या रंगाची खूण केली. उंदरांना नावं द्यायची नाहीत, असा माझ्या मार्गदर्शक सरांचा नियम होता.

कॉलेजचं उंदीरघर सांभाळायला बेंबळीचे एक मामा होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. माझ्या मलमातला पाला त्यांच्याच बांधावरचा. विषय सांगितला तेव्हा ते म्हणाले, “ह्यात तपासायचं काय? म्या सांगतो की, लागू पडतंय.”

मी म्हटलं, “मामा, तुमचं सांगणं चालत नाही.”

“मग उंदराचं चालतंय व्हय?” असं म्हणून ते पिंजऱ्यात अंथरलेलं भाताचं तूस बदलायला लागले.

मामांचं एक होतं. गावात कुठंही जेवणावळ असली की वाढायला मामा पुढं. शेवटच्या पानापर्यंत वरण पोचल्याशिवाय ते पहिल्या पानाला दुसऱ्यांदा वाढत नसत, मग पहिल्या पानावर सरपंच बसलेला असो. उंदीरघरातही तसंच. एका उंदराला एक पिंजरा, असे अठरा पिंजरे ओळीनं. पहिल्यापासून अठराव्यापर्यंत खाणं, मग परत पहिल्यापासून पाणी. मला ते बघून गंमत वाटायची. त्यापुढं मी काही विचार केला नाही.

दर चौथ्या दिवशी जखमेवर पारदर्शक कागद धरून तिची कड गिरवायची आणि आलेखाच्या कागदावर चौकोन मोजायचे, हे माझं काम. आठव्या दिवशी माझं मलम बाजारातल्या मलमाच्या बरोबरीला आलं. मी खूष. बाराव्या दिवशी पहिला गटही बरोबरीला आला. म्हणजे ज्यांना काहीच लावलं नव्हतं, ते. त्यांच्या जखमांच्या कडा जरा पिवळट दिसत होत्या, पण मला वाटलं, खुणेचा रंग पसरला असेल.

सरांनी आकडे बघितले, चष्मा काढला, पुसला, परत बघितले. म्हणाले, “म्हणजे तुमचं औषध काहीच न लावण्याइतकं गुणकारी आहे.”

दोन वर्षं पाण्यात गेली होती. मी एसटीत तेरपर्यंत रडले. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, “कोण गेलं, बाई?” मी म्हटलं, “कुणी नाही. उंदीर बरे झाले.” त्या उठून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

तो पिवळा रंग मात्र डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी पहिल्याच गाडीनं आले. मामा पहिल्या गटापाशी उभे होते. हातात वाटी, वाटीत ठेचलेला दगडीपाला आणि हळद.

“मामा, हे काय?”

“लावतोय,” मामा शांतपणे म्हणाले. “ह्या साहा जणांचं तुमच्याकडनं रोज ऱ्हातंय. म्या कुणाला बोललो न्हाय. सरांना कळलं तर तुमालाच बोलतील.”

बारा दिवस हा माणूस माझा विसरभोळेपणा झाकत होता.

“राहत नाही, मामा! मी मुद्दाम लावत नाही!” मी ओरडलेच.

“मुद्दाम?” मामांनी वाटी खाली ठेवली. “पंगतीला बसवायचं अन् साहा पानं मुद्दाम रिकामी ठेवायची?”

मी त्यांना सगळं समजावलं. काहीच न लावता किती दिवस लागतात हे कळल्याशिवाय औषधाचा गुण कळत नाही, वगैरे. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, “मग आधी सांगायचं की.” खरं होतं. किती खाणं घालायचं, तूस कधी बदलायचं, हे मी त्यांना दहादा सांगितलं होतं. कशासाठी, हे एकदाही नाही. राग मी मामांवर काढला, पण तो माझाच मला आला होता.

सरांना सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदाच हसले. औषध चालतं हे मामांनी सिद्ध केलं होतं, फक्त ते लिहायची सोय ठेवली नव्हती. मग हसू आवरून सर म्हणाले, सगळं पहिल्यापासून. नवी परवानगी, नवे अठरा उंदीर.

जुन्या अठरांचा शेवट परवानगीच्या कागदावर आधीच लिहिलेला होता. जाग येणार नाही एवढी भूल. मी पिंजरे उचलायला गेले तेव्हा मामा दाराशी होते. “बरे झालेत की सगळे,” ते म्हणाले. मी “व्हय” म्हटलं आणि पिंजरे घेऊन गेले.

नवे उंदीर आले, तेव्हा मामांनी विचारलं, “माझ्यामुळं का?”

“नाही, मामा. वरून सांगितलंय,” मी खोटं बोलले.

मामांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी सूचना द्यायला तोंड उघडलं, “मामा, पहिल्या गटाला...”

“न्हाय लावत, ताई,” ते पिंजऱ्यांकडं बघत म्हणाले. “लावलं तर तुमी आणखी अठरा आणाल.”

मला लाज वाटली. आजही वाटते.

या खेपेला आलेख सुरेख आला. पहिल्या गटाच्या जखमा जशा हळू भराव्यात तशा भरल्या. माझ्या प्रबंधात एक वाक्य आहे : ‘पहिल्या गटाला कोणताही उपचार देण्यात आला नाही.’ परीक्षकांनी त्यावर काही विचारलं नाही. मी दिवसातून एकदा येऊन दोन गटांना मलम लावून जायची. ते वाक्य पाळलं मामांनी. एकवीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, त्या सहा उघड्या पाठींसमोर खाणं-पाणी ठेवत, हात आवरून.