यादीतलं पहिलं नाव

तालुक्याहून साहेब आले त्या दिवशी आनंदीने पुस्तकातलं सतरावं पान असं घडाघडा म्हटलं, की साहेबांनी चष्मा उतरवून तिच्याकडे पाहिलं. बेचाळिशीची बाई, काथ्या वळून वळून तळहात लाकडासारखे झालेले, आणि जीभ म्हणून कुठे अडखळली नाही. "शाबास!" साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या. शेजारी उभे असलेले हरिश्चंद्र मास्तर टाळ्या वाजवता वाजवता भलतीकडेच बघत होते.

ही गोष्ट १९६२ सालची. आचऱ्याच्या खाडीपलीकडे खाजणवाडी नावाची पस्तीस घरांची वस्ती होती. साक्षरतेची मोहीम आली आणि वाडीच्या शाळेत दुपारचा बायकांचा वर्ग सुरू झाला. बायका चाळीस, पुस्तकं आठ. आनंदी सगळ्यांच्या मागे, दाराशी बसायची. तिचा नवरा धोंडू खाडीच्या तरीवर माणसं पार करायला होडी चालवायचा. त्याची हाक आली की तिला भाकरी घेऊन पळावं लागे. पुस्तक हातोहात तिच्यापर्यंत पोचेस्तोवर तास संपत आलेला असायचा. पण तिचे कान तयार होते. फुगडीची सगळी गाणी, वाडीतल्या पोरापोरींच्या जन्मतिथी, कुणाच्या लग्नात कोण काय नेसलं होतं, सगळं तिच्या डोक्यात घडी घालून ठेवलेलं असे. पुढच्या बायका वाचत आणि ही ऐके. चार महिन्यांत अख्खं पुस्तक तिला पाठ झालं. गाईचं चित्र दिसलं की सतरावं पान, विहीर दिसली की बाविसावं. तिला प्रामाणिकपणे वाटत होतं, वाचणं म्हणतात ते हेच.

शिमग्याआधी समारंभ झाला. वाडी शंभर टक्के साक्षर झाली म्हणून आंब्याच्या डहाळ्या बांधून कमान उभारली. साक्षरांची यादी शाळेच्या भिंतीवर लागली. वरून पहिलं नाव आनंदीचं.

त्यानंतर आठ दिवसांनी ती सुंभाच्या गुंड्या घेऊन मालवणच्या बाजाराला गेली. परतताना एसटीच्या थांब्यावर उभी राहिली. तीन गाड्या आल्या, तिन्हींवर पाट्या. एवढी अक्षरं, आणि एकाही पाटीवर गाय नाही की विहीर नाही. आपल्या नावातला 'न' तेवढा तिला एका पाटीवर सापडला. तिने शेजारच्या माणसाला विचारलं, "ही गाडी खंय जाता?"

"पाटयेर लिवलेला आसा मा?" तो म्हणाला.

आनंदी दुसऱ्या कुणाला विचारायला पुढे सरकली.  त्या दिवसापासून तिच्या जिवाला स्वस्थता अशी राहिली नाही. काथ्यासाठी नारळाची सोडणं बडवायला बसली की उठायची, पाण्याला निघाली की कळशी विसरायची. मास्तरांना सांगावं असं रोज ठरवायची आणि शाळेच्या कमानीखालून परत फिरायची. सगळ्या वाडीचं नाव झालं होतं. ते आपल्या तोंडाने कसं घालवायचं?

अशात चैत्रात एके सकाळी शेजारची सीता पत्र घेऊन आली. सीता विधवा, पन्नाशी उलटलेली. वयामुळे तिला वर्गातून सूट मिळाली होती. एकुलता मुलगा बाबली मुंबईला गोदीत कामाला. त्याची पत्रं आजवर मास्तर वाचून दाखवत.

"आता मास्तराक कित्याक तरास देव?" सीता हसत म्हणाली. "पयलो नंबर माज्या शेजाराक ऱ्हवता. वाच गो."

आनंदीने पत्र उघडलं. छापील अक्षरं निदान सुटी सुटी उभी असत. ही एकमेकांच्या हातात हात घालून उतारावरून पळत होती.  सीता समोर बसून तिच्या ओठांकडे बघत होती. अशी कितीतरी पत्रं आनंदीने मास्तरांच्या ओटीवर ऐकली होती. सगळ्यांचा सूर एकच असायचा. तिने तोंड उघडलं आणि त्याच सुरात म्हणाली, "तीर्थस्वरूप आईस साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. तू तब्येतीस जप. गणपतीला येईन."

सीतेने पत्र घेऊन कपाळाला लावलं. आनंदीने मान खाली घालून काथ्या पुढ्यात ओढला. सुंभाला पीळ बसेना. वळलेलं उलगडे, उलगडलेलं पुन्हा वळी.

बारा दिवसांनी मालवणहून मासे घेऊन काशीबाई आली. टोपली उतरवता उतरवताच ती म्हणाली, "सीते, तुजो झील मंगळवारी बंदरार उभो होतो. बोट वेंगुर्ल्याक सुटासर वाट बघीत रवलो. आवस कशी येवक नाय, म्हणान माका इचारल्यान."

सीता पत्र घेऊन थेट मास्तरांकडे गेली. मास्तरांनी वाचलं. बाबलीला मोठ्या जहाजावर काम लागलं होतं. दोन वर्षं परत येणं नव्हतं. जाण्याआधी गोदीतलं सामान पोचवायला तो बोटीने वेंगुर्ल्याला निघाला होता, आणि परतीची बोट मालवणला लागणार नव्हती. मंगळवारी बोट मालवणला थांबेल, पडावाच्या होडीने किनाऱ्याला येईन, तासभर मिळेल, घरी यायला वेळ पुरणार नाही, तेव्हा तू बंदरावर ये. तुला बघून जायचं आहे, असं त्याने लिहिलं होतं.

सीता आली तेव्हा आनंदी अंगणात सोडणं बडवत होती. मोगरी हवेतच थांबली.

"गणपतीक येतलो म्हणान कागदार होतां?" सीतेने विचारलं.

"नाय."

"मगे तू खंयसून वाचलंस?"

"माका वाचूक येणा नाय, वयनी."

सीतेने पत्राची घडी घालून कनवटीला खोचली. मग म्हणाली, "येणा नाय, तर तसां सांगाचा. मास्तराचा घर काय लांब होतां?" आणि पाठ फिरवून गेली. त्यानंतर विहिरीवर दोघी समोरासमोर आल्या तरी सीता तिच्याकडे झाडाझुडपाकडे बघावं तसं बघे.

"झाला तां झाला," धोंडू म्हणाला. "यादीत नाव आसा. गप रव."

पण गप राहणं हेच आनंदीला जमेना. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेत शिरली. मास्तर डबा उघडून बसले होते. त्यांच्यासमोर ती ठेवणीतलं बोलायची.

"गुरुजी, माझं नाव यादीतून काढा. मला वाचता येत नाही."

मास्तरांनी डबा बंद केला. "मला ठाऊक आहे, आनंदीबाई."

"कधीपासून?"

"साहेब आले त्या दिवसापासून. त्या धड्याच्या शेवटच्या दोन ओळी पानाच्या पाठीमागे छापल्या आहेत. तुम्ही त्याही म्हटल्यात. पान उलटलंच नाहीत."

आनंदी एक पाऊल पुढे आली. "मग बोललात का नाही?"

"एकोणचाळीस म्हटलं असतं तर समारंभ झाला नसता." मास्तर डब्याच्या झाकणाकडे बघत होते. "माझंच चुकलं. सीताबाई पत्र घेऊन आल्या तेव्हापासून मलाही जेवण गोड लागत नाही."

"तर वर्ग परत लावा."

"कुणासाठी लावू? पुस्तकं परत गेली. कागदोपत्री वाडीत निरक्षर माणूस उरलेलाच नाही."

"मगे मी पयलीत बसतंय," आनंदी म्हणाली. ठेवणीतली भाषा कुठल्या कुठे गेली.

आणि ती खरंच बसली. पोरं आठवडाभर फिदीफिदी हसली, मग त्यांना सवय झाली. तिला मात्र शिकणं पहिल्यापेक्षा जड गेलं, कारण डोळे अक्षराला लागायच्या आत तोंड पोरांकडून ऐकून पाठ झालेली ओळ बोलून मोकळं होई. मास्तर चित्रावर हात ठेवत. धडा शेवटाकडून वाचायला लावत. एकदा तिने रागाने पाटी आपटली, तडक घरी गेली, आणि चूल पेटवून तशीच टाकून पुन्हा शाळेत आली. पंधरा दिवसांनी शाळेच्या दारात बायकांच्या वर्गातली सावित्री उभी. तिला समारंभापुरतं येत होतं. घरात वाचायला कागदाचं चिटोरंही नाही, त्यामुळे दोन महिन्यांत सगळं पुसलं गेलं होतं. मग आणखी दोघी आल्या, मग आणखी तिघी. सगळ्यांची नावं भिंतीवर. मास्तरांनी तिसऱ्या प्रहरी हजेरीपट नसलेला वर्ग सुरू केला.

आनंदीला आता अक्षरांची हाव सुटली. काडेपेटी, बिस्किटांचा पुडा, सुकी मासळी बांधून आलेला वर्तमानपत्राचा फाटका तुकडा, सगळ्यावर ती बोट फिरवी. अर्ध्यावर फाटलेली बातमी पुढे काय झाली म्हणून दोन दिवस तळमळे. हातचं अक्षर लागायला आणखी वर्ष गेलं. त्यासाठी मास्तर रोज तिला चार ओळींचं पत्र लिहीत आणि ती वाचून त्याखाली उत्तर लिही.

त्रेसष्टच्या पावसाळ्यात मास्तर आठ दिवस परगावी गेलेले असताना जहाजावरून बाबलीचं पत्र आलं. दोन दिवस सीतेने ते उशाखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती आनंदीच्या ओटीवर आली, बसली नाही.

"वाच. पण जां आसा तांच वाच."

आनंदीने एकेक शब्द सावकाश वाचला. एका बंदराच्या नावाशी थांबून म्हणाली, "ह्यां माका लागणा नाय." पुढे गेली. सीता पत्र घेऊन निघून गेली आणि मास्तर आल्यावर तेच पत्र तिने त्यांच्याकडून पुन्हा वाचवून घेतलं. सगळं तेच निघालं. त्यानंतर प्रत्येक पत्र आधी आनंदीकडे येई आणि मग मास्तरांकडे जाई. आनंदीला ते टोचे.

चौसष्टच्या मे महिन्यात बाबली घरी आला. आनंदी आपण होऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि घडलं ते सांगितलं. त्याला आईने मास्तरांकरवी कळवलेलं होतंच.

"तासभर उभो होतंय, काकी," तो म्हणाला. "पडावात बसल्यार पण मान मागेच होती. तो तास काय परत येवचो नाय." एवढं बोलून तो आत गेला. त्यात राग नव्हता, पण माफीही नव्हती. आनंदीने ते तसंच पदरात घेतलं.

तो परत जहाजावर गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी सीता वर्गाच्या दारात आली. तिच्या काखेत पोरांची जुनी पाटी होती.

"सीताबाई, तुम्हाला तर सूट आहे," मास्तर म्हणाले.

"माका मास्तरय नको आनि हीय नको," सीता म्हणाली. "माज्या झिलाचा कागद माजा माका वाचूक होया."

आनंदीने सरकून जागा केली. सीता तिथे बसली नाही. समोरच्या भिंतीशी जाऊन, पाय पोटाशी घेऊन बसली, आणि पदराने पाटी पुसू लागली.