सावली बंद केल्यावर

८ डिसेंबर, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. संगणकावरील खेळातल्या जंगलात पत्नी फिरत होती. दोन वर्षांपासून ती अंथरुणाला खिळली आहे. तिचे फिरणे आता एवढेच. वळताना चित्र मधोमध फाटे आणि तिला घेरी येई.

"अहो, जन्मभर माझ्या शिवणीत खोट काढलीत. आता ही फाटकी झाडं शिवून दाखवा."

चित्र पडद्याच्या गतीशी जुळवणारे व्ही-सिंक मी चालू केले. फाटणे थांबले, पण चित्र अडखळू लागले. यंत्र जुने, भार हलका व्हावा म्हणून सावल्या बंद केल्या. चित्र सुरळीत झाले.

ती थोडे चालली आणि थांबली.

"चक्कर येते का?"

"नाही. झाडाखाली सावलीच नाही हो. बसू कुठे?"

आजारी माणसाची सोय करताना आपण त्याचे काय काढून घेतो, ते आपल्याला दिसत नाही. पलंगाला जागा व्हावी म्हणून तिचे शिलाई मशीन मीच देऊन टाकले होते. 

मी सावल्या पुन्हा चालू केल्या, आणि चित्र अडखळू नये म्हणून त्याची गती सेकंदाला साठ चित्रांवरून तिसांवर बांधली.