सुतळीचा पट्टा

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने तीन वर्षं जिवापाड सांभाळलेला ऑनलाइन ग्रुप पंधरा दिवसांत ओस पडत चालला. ‘खरंबोल्या’ नावाचा कोणीतरी आत शिरला होता. एखाद्या नवशिकीने टाके सुटतात म्हणून फोटो टाकला, की हा लिहायचा, "मशीन ठीक आहे, हात बदला." काढून टाकला, तर दुसऱ्या खात्यावरून हजर. बायकांनी प्रश्न विचारणंच सोडलं.

एका सकाळी त्याने लिहिलं, "ज्याच्या स्वतःच्या मशीनचा पट्टा सुतळीने बांधलाय, तो मिस्त्री तुम्हाला शिकवणार!"

मिस्त्रीने ते दोनदा वाचलं. सुतळी खरीच होती. गिऱ्हाइकांच्या मशीनमधून आपल्या मशीनकडे बघायला सवड कुठली? पण हे याला कळलं कसं? नक्कीच कोणीतरी दुकानात येऊन गेलेलं. मागच्याच महिन्यात शिंपीणताई मशीन दुरुस्तीला टाकायला आल्या होत्या आणि सुतळी बघून पोट धरून हसल्या होत्या. "भाऊ, हे मशीन आहे की पोतं?"

ग्रुपमध्ये नवशिक्यांना धीर द्यायच्या त्या याच ताई. मिस्त्री त्यांचे जुने मेसेज उकरत बसला. प्रत्येक हसऱ्या चेहऱ्यात त्याला आता विचकलेले दात दिसू लागले.

"अहो, एकदा विचारा तरी त्यांना," बायको म्हणाली.

"विचारून कोण कबूल करतं?" म्हणत त्याने ताईंना ग्रुपमधून काढलं.

दुसऱ्या दिवशी खरंबोल्या पुन्हा हजर. "ताईंनाच हाकललंत? शाब्बास!" त्या दिवसात चाळीस जण निघून गेले.

आता ग्रुपमध्ये आपलं काय काय उघडं पडलंय ते बघावं, म्हणून मिस्त्रीने जुने फोटो चाळले. पहिल्याच वर्षीचा एक फोटो: त्याच्या तळहातावर दुरुस्त केलेलं शटल, आणि मागे, अगदी स्वच्छ, सुतळीने बांधलेला पट्टा. त्यानेच टाकलेला. कोणीही बघावा असा.

त्याने ताईंचं दुरुस्त झालेलं मशीन उचललं आणि स्वतः त्यांच्या घरी पोचवलं.

"ताई, चुकलं माझं. त्या मेल्याने डोकंच फिरवलं."

"टोमणे त्याने मारले, भाऊ. दार तुम्ही दाखवलंत."

"परत याल ना?"

ताईंनी चिंधी घेतली, शिलाई मारली, उलटून बघितली. बॉबिन काढली, उजेडात धरली, परत बसवली. पुन्हा एक शिलाई.

आठ वर्षं त्या मशीन त्याच्याकडेच देत होत्या. घेताना तपासलं कधीच नव्हतं.

मिस्त्री उंबऱ्यातच उभा राहिला.