ताईचे सासरे आणि आठ हेडफोन

गाणं गवयाच्या गळ्यात नसतं, ऐकणाऱ्याच्या हेडफोनात असतं, असं म्हणून मोठमोठ्या गवयांना एका वाक्यात निकालात काढणारा माणूस साऱ्या कोकणपट्टीत एकच होता, आणि तो नेमका आमच्या ताईचा सासरा निघाला. तीस वर्षं मालवाहू बोटींवर बिनतारी यंत्राच्या खोलीत बसून त्यांनी जगभरच्या बंदरांची टिकटिक ऐकली होती. एकोणीसशे पन्नास-एक्कावन्नच्या सुमाराला नोकरी संपवून ते मालवणला परतले. त्यांच्याबरोबर परतलेल्या लोकांनी कापड आणलं, घड्याळं आणली, अत्तराच्या बाटल्या आणल्या. ह्यांच्या ट्रंकेतून निघाली चार धोतरं आणि तीन हेडफोन. पुढे त्या तिनांचे आठ झाले, धोतरं चारच राहिली. घरात वीज नव्हती. रेडिओ त्यांनी स्वतः जुळवलेला, दोन वॉल्व्हचा, बॅटरीवर चालणारा. त्याला कर्णा जोडला की बॅटरी आठवड्याभरात मान टाकी, म्हणून हेडफोन. हे कारण खरंच होतं, पण ते निम्मं होतं. उरलेलं निम्मं पुढे सांगतो.

मी तेव्हा कुडाळच्या शाळेत मास्तर होतो आणि शनिवारची शाळा सुटली की सर्व्हिस मोटारीने मालवणला ताईकडे जायचो. मी त्यांना आबा म्हणायचो. पडवीत पाय ठेवल्याबरोबर "कसो आसस?" असं कोणीही विचारतं, आबा विचारायचे, "काय आयकलस?" आठवड्यात कानावर काही पडलं नसेल तर त्यांच्या लेखी माझा आठवडा फुकट गेलेला असायचा. आजूबाजूच्या गावांत त्या काळी बॅटरीचे रेडिओ हळूहळू येऊ लागले होते आणि ज्याला ज्याला हेडफोन घ्यायचा असे तो आबांकडे येई. आबा त्याला डॉक्टरसारखे समोर बसवत. सकाळी उठल्यावर पहिलं काय गुणगुणता, गाणं ऐकताना मान हलते की पाय हलतो, एवढं विचारून झालं की शिंप्याची टेप घेऊन एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंतचं माप घेत. मग मुंबईत नोकरीला असलेल्या पुतण्याला पत्र जाई, आणि पंधरा-वीस दिवसांनी बोटीने हेडफोन येई. आबांचा एक नियम मात्र कधीही मोडला नाही. हेडफोन मधल्या किमतीचाच. "स्वस्तातलो घेतलस तर गाणारो पिंपात बसान गाता असा वाटतला," ते सांगत, "आणि म्हागातलो घेतलस तर तेच्या पोटातली सोलकढी पण आयकाक येतली. तुका गाणा होया मा? मगे मधलो घे."

त्या मधल्यांतही पुन्हा जाती होत्या. भजनाला जड आणि चामड्याच्या गादीचा हवा, नाहीतर झांजा थेट मेंदूत शिरतात. नाट्यपदाला घट्ट बसणारा आणि हलका, कारण तान लांब असते आणि तेवढा वेळ मान ताठ राहिली पाहिजे. गोव्याच्या रेडिओवरून येणाऱ्या व्हायोलिनला सैल, म्हणजे थोडा वारा आत खेळतो. बातम्यांना मात्र मोडका चालतो, कारण बातमी मोडक्यातून ऐकली काय किंवा धडक्यातून, ती बदलत नाही. कणकवलीचे एक काजूचे व्यापारी एकदा खास मोटार करून आले आणि म्हणाले, "बाजारातला सगळ्यात भारी असेल तो मागवा." आबांनी त्यांना शहाळं दिलं, टेपेने डोकं मोजलं आणि शांतपणे विचारलं, "तुमका गाणा आयकूचा आसा काय लोकांका दाखवूचा आसा? दाखवूचा आसात तर सोन्याचा घड्याळ घेवा." व्यापारी चरफडत गेले, पण हेडफोन मधल्या किमतीचा, नाट्यपदाचाच घेऊन गेले. महिन्याभराने त्यांचा निरोप आला की तो लावला की झोप फार छान लागते. हा निरोप आबा पुढे कितीतरी दिवस प्रशस्तिपत्रकासारखा सगळ्यांना सांगत होते.

आता ते उरलेलं निम्मं. बोटीने आलेला हेडफोन मालकाला लगेच मिळत नसे. तो आधी आठ दिवस आबांकडे 'तपासणीला' राही, आणि तपासणी होई ती ताईच्या सासूबाईंच्या कानांवर. त्यांना मी मावशी म्हणायचो. मावशींना ऐकू येत नव्हतं. आबा कुठल्यातरी दूरच्या समुद्रात असताना त्यांना मोठा ताप आला आणि उतरताना दोन्ही कान घेऊन गेला. लग्न होऊन पुरती चार वर्षंही झाली नव्हती. त्यापूर्वी मावशींना गाण्याचं वेड होतं. नाटक कंपनी आली की त्या शेजारणींना घेऊन पायी जात आणि पदं पाठ करूनच परतत. आबांनी नोकरीभर मनाशी ठरवून ठेवलं होतं की एकदा कायमचं घरी आलो की हिला गाणं ऐकवायचं. कानाच्या डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते, पण आबांचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता, हेडफोनवर होता. योग्य गाण्याला योग्य हेडफोन अजून मिळाला नाही, एवढंच त्यांचं निदान. म्हणून जगाला हेडफोन निवडून देण्याचा हा सगळा खटाटोप. दुसऱ्याचा हेडफोन मागवला की मावशींसाठी आणखी एक करून बघता येई. वाडीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. म्हणूनच आठाचे पंधरा दिवस झाले तरी कोणी तक्रार करत नसे.

रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मावशी पडवीत येऊन बसत, डोक्यावरचा पदर मागे घेत आणि आबा त्यांच्या कानांवर हेडफोन चढवत. मग स्वतः समोर उकिडवे बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहत. थोड्या वेळाने मावशी म्हणत, "नाय. काय्येक येणा नाय." आबा मान हलवत आणि म्हणत, "भजनाचो होतो. उद्या पदाचो लावया." हे ते आम्हाला म्हणत, कारण मावशींना ते ऐकू जायचं नाही आणि लिहून दाखवावं तर त्यांना अक्षरओळख नव्हती. आबा बायकोपुढे कधी ओरडत नसत. ओरडण्याने कान आणखी चिडतात असं त्यांचं मत होतं. नवराबायकोचा सगळा संसार हातवाऱ्यांवर चाले. पोटावर हात म्हणजे जेवण, दोन बोटं वळवळली म्हणजे मासळी, आणि कपाळावर हात म्हणजे मुंबईच्या पुतण्याचं पत्र. तीस वर्षं समुद्राने आणि पुढची सात-आठ वर्षं कानांनी त्यांना एकमेकांशी बोलू दिलं नव्हतं, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. तरण्या वयात मला त्यात गंमतच दिसायची.

गंमतही होतीच. वाडीच्या देवळात भजन करणारे एक बुवा होते. त्यांना आबांनी जड गादीचा हेडफोन दिला, नव्या चाली शिकायला. बुवा तो लावून अंगणात बसत आणि रेडिओबरोबर गात. पण कान बंद असल्यामुळे आपण किती मोठ्याने गातोय याचा त्यांना पत्ताच नसे, आणि रेडिओवरचा गवई आलाप घेऊ लागला की बुवा गप्प बसून ऐकत. त्यामुळे साऱ्या वाडीला अर्धंच भजन ऐकू येई आणि मधल्या जागी नुसती शांतता. एक म्हातारे तर बुवांना दम्याचा विकार जडला म्हणून औषध घेऊन गेले. माझी स्वतःची परीक्षाही अशीच. कानाचं माप घेऊन झाल्यावर मी सांगितलं की मला सिनेमाची गाणी आवडतात. आबांनी टेप गुंडाळली. ते आत जाऊन एका जुन्या हेडफोनचा एकच कान स्क्रू काढून वेगळा करून घेऊन आले आणि माझ्या हातात ठेवत म्हणाले, "तुझ्या गाण्याक येकच पुरे."

मग त्या भजनाची गोष्ट घडली. मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या आबांच्याच वाडीतल्या माणसांची भजनमंडळी होती, आणि त्यांचं भजन मुंबईच्या रेडिओवर लागणार असं पत्र आलं. त्या दिवशी संध्याकाळी आबांच्या पडवीत आणि खाली खळ्यात, म्हणजे अंगणात, मिळून तीस-चाळीस माणसं जमली. कोणाचा भाऊ गाणार, कोणाचा मुलगा टाळ धरणार. घरात हेडफोन आठ, पण रेडिओला एका वेळी एकच जोडता येई. आळीपाळीने ऐकायचं ठरलं तर अर्ध्यांची पाळी येण्याआधी भजन संपलं असतं. तेव्हा ताईने स्वयंपाकघरातून तांब्याचा मोठा हंडा आणला आणि म्हणाली, "मामंजी, ह्येच्यात ठेवन बगा. आवाज घुमता." आबांना हे अजिबात रुचलं नाही. निवडक, मधल्या किमतीचा, भजनाचा हेडफोन पाण्याच्या भांड्यात टाकायचा म्हणजे काय. पण लोक वाट बघत होते. हेडफोन हंड्याच्या तळाशी गेला, आणि खरोखर, सगळे चिडीचूप बसले तर शब्द कळण्याइतका आवाज येऊ लागला. एवढंच की हंड्याचं बूड गोल, तो सारखा कलंडायचा. कोणीतरी धरून बसायला हवं होतं. जो धरील त्याच्या पाठीआड बसलेल्याला ऐकू येणार नाही, म्हणून भांडण व्हायचंच काय ते बाकी राहिलं. शेवटी ज्यांना तसंही ऐकू येत नाही त्यांनाच धरायला बसवावं असं ठरलं, आणि मावशी हंडा दोन गुडघ्यांत पकडून सगळ्यांच्या मधोमध बसल्या.

भजन सुरू झालं. बुवा मान डोलवत होते. मावशी थोड्या वेळाने कंटाळल्या असाव्यात, त्यांनी हनुवटी हंड्याच्या काठावर टेकली. क्षणभराने त्यांनी भुवया उंचावल्या. मग त्या एकदम म्हणाल्या, "मिरदंग कोण वाजयता? हात भारी जड आसा हेचो."

आबा पुढे सरकले आणि त्यांनी मावशींची हनुवटी हाताने वर उचलली. मावशींनी मान हलवली, नाही. हनुवटी पुन्हा टेकवली. "येता. हाडांतसून येता." आणि आबांनी, तीस-चाळीस माणसं आपल्या भावाचा आणि मुलाचा आवाज ऐकायला बसली आहेत हे पार विसरून, हंड्यातला हेडफोन ओढून काढला, आत धावत जाऊन उरलेले सगळे आणले आणि एकेक जोडून हंड्यात सोडायला सुरुवात केली. भजनाचा, पदाचा, व्हायोलिनचा, बातम्यांचा मोडकासुद्धा. प्रत्येक वेळी ते मावशींच्या तोंडाकडे बघत. प्रत्येक वेळी मावशी हनुवटी टेकून मान डोलवत. आठवा झाल्यावर त्या म्हणाल्या, "सगळे सारकेच हत. कित्याक बदलतास?" इतक्या वर्षांचं शास्त्र एका वाक्यात बुडालं. पण आबांना त्याचं काहीच वाटलं नाही. ते रडत होते आणि डोळे पुसायचं भानही त्यांना नव्हतं. एव्हाना तारा जोडण्या-सोडण्यात भजन संपून गेलं होतं आणि कोणीतरी बाजारभाव सांगत होता.

सगळ्यांत आधी बुवांनी चप्पल पायात घातली. "चला रे," ते हळूच म्हणाले, "आमचा आयकान झाला." ज्याच्या मुलाने टाळ धरला होता तोसुद्धा उठला. आबा अजून रेडिओच्या खुंट्या पिरगाळत होते, हिला आता कुठलं पद ऐकवू म्हणून स्टेशन शोधत होते. तेव्हा मावशींनी हात लांब करून रेडिओ बंद केला. "गाणा ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या. "तुमी बोला."

आबांनी हंड्यातला हेडफोन काढून बाजूला ठेवला. गुडघे टेकून त्यांनी तोंड हंड्यात घातलं. साऱ्या तालुक्याला काय ऐकावं हे सांगणाऱ्या माणसाला काय बोलावं ते सुचेना. मग हंड्यातून घुमत आवाज आला, "आज बांगडो बरो गावलो." मावशी हसल्या. इतक्या हसल्या की हनुवटी काठावरून घसरली, आणि ती परत टेकवून म्हणाल्या, "आयकलंय. फुडे?" नंतर आबांचा आवाज अगदी खाली आला. "तुझ्या तापाचा पत्र माका तीन म्हयन्यांनी गावला गो. माका येवक मिळाक नाय." मावशींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "म्हायत आसा माका," त्या म्हणाल्या. "तुमी बोलत ऱ्हवा."

ताईने माझ्या सदऱ्याला धरून मला बाहेर ओढलं. आज ती दोघंही नाहीत, ताईसुद्धा थकली आहे, आणि मला चांगला खोलीभर आवाज देणारा रेडिओ घेणं केव्हाच परवडलं आहे. पण ऐकणं म्हटलं की मला ती संध्याकाळ आठवते. आम्ही खळ्याच्या कडेला माडाखाली जाऊन बसलो. घरी जायला निघालेली माणसंही तिथेच रेंगाळली होती. पडवीतून आबांचा आवाज घुमत येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. शब्द कळत नव्हते, आणि ते कळावेत असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही.