साळवी चाळीचा चोरटा रेडिओ

धनेश परबला कोणी चहा पाजला, तरी तो आधी विचार करायचा, याचं माझ्याकडे काय काम असेल. एवढा संशयी माणूस अख्ख्या काळाचौकीत सापडायचा नाही. एका टॉवरमध्ये तो इलेक्ट्रिशियन होता. तिथे दिवा डोळ्यांसमोर लख्ख जळत असला, तरी टेस्टर लावून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यामुळे अपेक्षा नावाची दादरची मुलगी रेकॉर्डर घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुमच्या रेडिओबद्दल विचारायचंय," तेव्हा त्याने दार अर्धं लोटून घेतलं.

"कसला रेडिओ? आमच्याकडे टीव्ही आहे," तो म्हणाला.

रेडिओ होता, आणि काय होता! वीसेक वर्षांपूर्वी गणपतीत रात्री दहानंतर लाऊडस्पीकरवर बंदी आली, तेव्हा धनेश आणि समोरच्या खोलीतला हितेंद्र या जोडगोळीने गच्चीवर टाकीमागे एक छोटा ट्रान्समीटर बसवला. हितेंद्र मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीत इलेक्ट्रॉनिक ड्रमचं पॅड वाजवायचा, नाचाचे ठेके घरीच कॅसेटवर जोडायचा. दहा वाजले की तेच ठेके हवेवर जात आणि खोलीखोलीतून रेडिओ लागत, प्रत्येकाचा आवाज बारीक. पण सगळ्या गॅलऱ्यांचा मिळून एवढा व्हायचा, की खालच्या चौकात पोरं घामाघूम होईतो नाचत. पोलीस यायचे, कान टवकारायचे, पण बोट कोणाकडे दाखवणार?

आणि एका रात्री ते थेट टाकीपाशी आले. ट्रान्समीटर गेला आणि धनेशने पुढे भोईवाडा कोर्टात खेटे घातले. त्या रात्री हितेंद्र ताप आला म्हणून गच्चीवर आलाच नव्हता. धनेशला तेवढं पुरलं. यानेच टीप दिली, असं त्याने ठरवून टाकलं आणि बोलणं बंद केलं. वीसेक वर्षं दारं समोरासमोर होती. हितेंद्रची आई शांताकाकू गेली, तेव्हा धनेशने खांदा दिला, पण तोंड उघडलं नाही. आता चाळ पाडणार होते आणि हितेंद्र विरारला निघाला होता. बोलायचं तर हेच दिवस उरले होते.

अपेक्षा आवाजांची कलाकार होती. घोडपदेवच्या एका गोदामात जुने रेडिओ टांगून तिला ती नाचाची रात्र परत ऐकवायची होती.

"तुला कोणी सांगितलं?"

"हितेंद्रकाकांनी. त्यांनी टेपही दिली."

धनेशच्या डोक्यात लगेच चक्रं फिरली. इतकी वर्षं टेप जपली, म्हणजे पुरावाच जपला. मुलगी चोरटे ट्रान्समीटर पकडणाऱ्या सरकारी वायरलेसवाल्यांची असणार. तरी टेपमध्ये काय आहे हे कळल्याशिवाय त्याला झोप लागली नसती. तो गोदामात गेला आणि पटकन सटकता यावं म्हणून दाराशीच उभा राहिला.

अंधारात सगळे रेडिओ बारीक आवाजात एकदम बोलू लागले. पॅडचा तो ठेका! धनेशचा पाय आपोआप हलायला लागला, त्याने तो दाबून धरला. मग ठेका थांबला आणि एक तरुण आवाज ओरडला, "गणपती बाप्पा मोरया! ही शान कोणाची? साळवी चाळीची! अरे, आवाज वर गच्चीवर आला पाहिजे!"

तो आवाज धनेशचाच होता.

गजर झाला की आपल्या चाळीचं नाव घ्यायचं, ही लहानपणापासूनची सवय. मंडपात ठीक होतं. इथे त्याने हवेवर पत्ता सांगितला होता, वर गच्चीसुद्धा. पोलिसांनीही कुठेतरी रेडिओच लावला असणार; त्यांना कोणाची टीप लागलीच नव्हती.

त्याच्या मागे कोणीतरी उभं होतं. हितेंद्र. त्याचे केस पार पांढरे झालेत, हे धनेशने समोर राहूनही नीट बघितलं नव्हतं.

"तापात पडून घरच्या रेडिओवर ऐकत होतो. तेव्हाच टेप केली," तो म्हणाला.

"मग तेव्हाच ऐकवायची ना!"

"तू म्हणाला असतास, हितेंद्रने तुकडे जोडलेत."

धनेशने मान खाली घातली. तो नेमकं तेच म्हणाला असता. खरं तर आत्ताही, स्वतःचा आवाज ओळखताक्षणी, त्याच्या मनात पहिलं तेच आलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. मग त्याच्या तोंडून घरची मालवणी निघाली.

"त्या रात्री तुका ताप लय होतो काय रे?"

"होतो रे मेल्या," हितेंद्र म्हणाला. "तू बघूक येतलंस म्हणान वाट बघी होतंय."