भिंतीतली पायवाट

प्राणिसंग्रहालयात पेंटरला सगळे पेंटरच म्हणत. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागे. काम एकच, पिंजऱ्यांच्या मागच्या भिंतींवर जंगल रंगवायचं. पठ्ठ्याने जन्मात जंगल पाहिलेलं नाही, पण ऐट अशी, जणू झाडं यानेच लावली! बिबट्याच्या मादीमागची भिंत तर त्याचा जीव की प्राण. दोन खोडांमधून आत जाणारी पायवाट त्याने अशी साधली होती, की बघणाऱ्याचे पाय आपसूक उचलावेत.

मादी नेमकी तिथेच ओरबाडायची. दरवर्षी तिला आतल्या कोठीत बंद करून हा वाट पुन्हा रंगवायचा आणि शिव्या हासडायचा. "माझ्या कामावर डूख धरलाय कार्टीने! एवढी भिंत मोकळी पडलीय, पण नखं इथेच!" अशी सात वर्षं गेली.

मग लेकीला वनखात्यात नोकरी लागली आणि ती बापाला जंगलात घेऊन गेली. पाणवठ्याजवळ तीन तास दगडावर बसून याच्या कमरेचा काटा ढिला झाला. "काय गं, तुमचे प्राणी सुट्टीवर असतात का? आमच्याकडे गेटातून आत आलं की समोर हजर!"

"बाबा, गप्प बसा हो जरा."

आणि बिबट्या आला. पाणी प्याला, मान वर करून यांच्याकडे पाहिलं, दोन खोडांमधल्या वाटेवर वळला आणि गेला. फांदीसुद्धा हलली नाही.

लेक आनंदाने त्याचा दंड दाबत होती. पेंटर मात्र रडकुंडीला आला. "अगं, तिला जायचं होतं," तो म्हणाला. "सात वर्षं मीच तिला वाट दाखवली, आणि वर शिव्या दिल्या."

परतल्यावर त्याने साहेबांचे फक्त पाय धरायचे बाकी ठेवले, भिंत कोरी करू द्या म्हणून. "वेड लागलंय का?" साहेब म्हणाले. "लोकांचे फोटो छान येतात." शेवटी वाट तेवढी बुजवायची परवानगी मिळाली. त्याने खोडांमध्ये राखाडी खडक रंगवला, बोटभर फटही ठेवली नाही.

रंग वाळल्यावर मादीला सोडलं. ती सरळ भिंतीशी गेली, वास घेतला आणि त्याच जागी नखं चालवायला लागली. संध्याकाळपर्यंत खडकाचे पोपडे निघाले आणि खालून जुनी पायवाट दिसायला लागली. पेंटर गज धरून उभा होता. आज त्याच्या तोंडून शिवी निघेना.